एकट्यासाठी गुणगुणणारी जीप

हवामानवाला पहिल्यांदा गॅरेजात आला तेव्हा छोटी एका ट्रकखाली उताणी पडलेली होती, त्यामुळे तिला आधी दिसले ते त्याचे बूट. बूट तसे बरे होते, पण एकाची नाडी काळी आणि दुसऱ्याची तपकिरी. ते दारापर्यंत आले, थांबले, मागे फिरले, पुन्हा आले आणि मग पाच मिनिटं नुसतेच उभे राहिले. तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं छोटीने पाहिली होती. लाजणारे बूट मात्र ती पहिल्यांदाच पाहत होती.

“काय हवंय?” तिने ट्रकखालूनच विचारलं.

बूट दचकले. “हवा... हवा भरायची होती.”

छोटी बाहेर आली. बाहेर धुकं इतकं दाट उतरलं होतं की समोरचा पाण्याचा नळ कुणी पळवून नेला असता तरी कळलं नसतं. त्या धुक्यात एक जुनी जीप उभी होती. हिरवा रंग उडालेला, चारही चाकांना ताकद देणारी, वयाने छोटीपेक्षा मोठीच. छोटीने चारही टायरना एकेक लाथ घातली.

“हवा टम्म आहे.”

“मग थोडी... काढायची होती,” तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

छोटी हे नाव तिला पाळण्यात पडलं होतं. मग ती उंच होत पाच फूट नऊ इंचांवर जाऊन थांबली, पण नाव काही वाढलं नाही. आईमागे बापानेच वाढवलं, म्हणजे पाने-स्क्रू हेच खेळणं. बापाला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादचे गुडघे गेल्यापासून तो दाराशी खुर्ची टाकून बसे आणि काम सोडून बाकी सगळं करी, म्हणजे मुख्यतः बोले.

“हवा काढायला कुणी डोंगरावरून वीस किलोमीटर खाली येत नाही,” खुर्चीवरून उस्ताद म्हणाला. “ही मामाची गाडी ना? तू मामाचा भाचा.”

तरुणाने मान हलवली, आणि छोटीला सगळा उलगडा झाला.

डोंगरमाथ्यावर, खिंडीच्या तोंडाशी, हवामानखात्याची दोन खोल्यांची चौकी होती. तिथे एकट्या माणसाने राहायचं, वारा मोजायचा, पाऊस मोजायचा, आणि खिंडीत धुकं किती आहे ते खाली फोन करून कळवायचं. त्याने “सोडा” म्हटलं की खालच्या बसगाड्या सुटत, “थांबा” म्हटलं की थांबत. मामाने हे काम बावीस वर्षं केलं. मग एके दिवशी मामा बाजारात सांगू लागला की माझ्या जीपमध्ये कोणीतरी गुणगुणतं. पुढे पुढे म्हणे तो वरच्या वळणावर गाडी थांबवायचा, शेजारचं दार उघडायचा, कोणी उतरायची वाट पाहायचा आणि दार लावून पुढे जायचा. खात्याने त्याला खाली आणून बहिणीच्या घरी बसवलं. त्याच्या जागी तात्पुरता आला तो हा भाचा. भाचा बाजारात आला की लोक त्याच्याशी बोलताना त्याच्या कानांकडे बघत.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही कधी एखादी गाडी... गाताना ऐकलीय?”

उस्तादची खुर्ची करकरली. छोटीने हात पुसले.

“गाताना नाही. रडताना, कण्हताना, दात खाताना ऐकल्यात. कधी गाते?”

“चढावर. वेग चाळीसच्या आसपास गेला की. पायाखालून सुरू होतं. बाईने तोंड मिटून गुणगुणावं तसं. चढ संपला की थांबते. आठ महिने झाले. मला फक्त एवढंच कळायला हवंय की आवाज गाडीत आहे, की...” आणि त्याने बोट कपाळाकडे नेलं, पण टेकवलं नाही. तिथे काहीतरी गरम असावं तसं ते मागे घेतलं.

छोटीला त्या बोटाची कीव आली. प्रेमाची सुरुवात कुठून होईल काही सांगता येत नाही. काहींची डोळ्यांपासून होते. हिची एका न टेकलेल्या बोटापासून झाली. पण ते तिला कळायला अजून अवकाश होता.

“चला, ऐकूया,” ती म्हणाली, आणि चेनपुलीने पेटी उचलून तिने जीपच्या मागच्या भागात ठेवली.

ही पेटी म्हणजे उस्तादचा कायदा. लोखंडी, हत्यारांनी गच्च भरलेली, दोन दांडग्या माणसांनी उचलावी आणि तिसऱ्याने शिव्या द्याव्या एवढी जड. तरुणपणी एकदा उस्ताद गाडीची चाचणी घ्यायला रिकाम्या हाताने डोंगरात गेला, गाडी बंद पडली, आणि त्याला दोन दिवस रानफळांवर काढावे लागले. (तो स्वतः पाच दिवस सांगतो.) तेव्हापासून पेटीशिवाय गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर न्यायची नाही म्हणजे नाही. छोटीला पेटी चढवताना पायात चप्पल सरकवण्याइतकाही विचार करावा लागत नसे.

दोघं डोंगर चढू लागले. धुकं काचेला नाक लावून आत बघत होतं. झाडं एकेक करून रस्त्यापर्यंत येत, पाहून घेत आणि परत जात. वेग तीस झाला, पस्तीस, चाळीस... हवामानवाल्याच्या हाताची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली. छोटीने श्वास रोखला.

काही नाही. इंजिनाची घरघर, वायपरची खरखर, बस.

“आता नाही येत,” तो ओशाळून म्हणाला.

“माझी लाज वाटत असेल तिला.”

“तिला?”

“तुम्हीच म्हणालात ना, बाई गुणगुणते?”

तो हसला. हसताना तो एकदम वेगळाच दिसला. धुकं हटून खालचं गाव दिसावं तसा. मग दोन्ही वेळा, चढताना आणि उतरताना, ते बोलत राहिले. वर एकटं असताना तो पावसाशी बोलतो हे त्याने सांगितलं. पाऊस काय म्हणतो, असं तिने विचारलं. “आकडेच सांगतो,” तो म्हणाला, “फार कोरडा माणूस आहे.” छोटीला इतकं हसू आलं की ती मूळ काम विसरली.

संध्याकाळी पेटी उतरवून तो एकटा वर गेला. तासाभराने फोन आला.

“ताई... होती.”

मग छोटी त्या आवाजाच्या मागे लागली. जीप जॅकवर चढवून चारही चाकं हाताने फिरवली, कान लावून बेअरिंग ऐकली. मागच्या दातेरी चाकांच्या हाउसिंगचं तेल काढून बोटांत चोळलं, लोखंडाचा कीस लागतो का पाहिलं. तेल स्वच्छ होतं. पुढच्या चाकांना ताकद नेणारा दांडा काढूनच टाकला आणि म्हणाली, आता फक्त मागच्या चाकांवर चालवून पाहा. फोन आला: होती. म्हणजे पुढच्या चाकांचा दोष नाही. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट धरून हलवला, त्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांना, क्रॉसना, झटके देऊन पाहिले. कुठे ढिलं नव्हतं. दर वेळी ती पेटी चढवून चाचणीला जाई आणि जीप शहाण्या मुलीसारखी गप्प बसे. दर वेळी तो एकटा वर जाई आणि फोन येई.

तिसऱ्या फोनपर्यंत ‘ताई’ गळून पडलं होतं. त्या जागी काय घालावं ते त्याला सुचेना, म्हणून तो नुसतं ‘अहो’ म्हणू लागला.

“अहो, मी बोलतोय.”

“कुणाचा फोन?” उस्तादने विचारलं.

“डोंगरावरचा.”

“तो तुला अहो म्हणतो?”

“मग काय म्हणावं?”

“नाही, म्हणू दे,” उस्ताद खुर्चीत मागे रेलत म्हणाला. “पुढे वेळ वाचेल.”

“बाबा!”

पण थट्टा एकीकडे आणि आवाज एकीकडे. चौथ्या खेपेला हवामानवाल्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. मामाचंही असंच सुरू झालं होतं, तो म्हणाला. मामाची आईही म्हातारपणी न आलेल्या माणसांसाठी दार उघडायची. घरातलं आहे ते. फिरत फिरत येतं.

“आज एक करू,” छोटी म्हणाली. “मी वरच्या वळणावर उतरते. तुम्ही एकटे खाली जा आणि चढून या. मी रस्त्यावरून ऐकते. आवाज गाडीचा असेल तर बाहेरही ऐकू यायला हवा.”

दुपारचे तीन वाजले होते. त्या वळणावर एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला नुसता पांढरा पोकळपणा. जीप धुक्यात विरघळली. छोटी एकटी उभी राहिली. तिला जाणवलं की इथे पाखरू बोलत नाही. दगडांवरून पाणी ठिबकत होतं, पण त्याचाही आवाज अर्धवट येत होता, कोणीतरी मध्येच झेलून घेत असल्यासारखा. तिने मानेमागे हात नेला. मागे कोणी नव्हतं. हे तिने तीनदा तपासून पाहिलं.

जीप आली. टायर चरचरले, इंजिन घरघरलं. गुणगुणणं नव्हतं. पुन्हा एकदा. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तो शेजारी येऊन थांबला आणि त्याने इंजिन बंद केलं.

“आलं?” छोटीने विचारलं.

“नाही.” तो समोर बघत होता. “तुम्ही गाडीत असलात की येत नाही. तुम्ही नुसत्या रस्त्यात उभ्या असलात तरी येत नाही. तुम्ही आसपास असलात की मला ऐकू येत नाही, एवढंच खरं आहे.”

दुसऱ्या एखाद्या मुलीने हे प्रेमपत्र समजून जपून ठेवलं असतं. छोटी मात्र धसकली. कारण गाडीतल्या आवाजाला कोण रस्त्यात उभं आहे ते कळत नाही. ते फक्त डोक्यातल्या आवाजाला कळतं. आणि हे दोघांनाही एकाच क्षणी कळलं.

“गाडीत... मला तरी काही सापडत नाही,” ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नसे, हीच तिची पंचाईत.

“मामाला उस्तादही हेच म्हणाले होते.” तो शांतपणे म्हणाला. “शनिवारी मी चावी आणि अर्ज देऊन टाकतो. अहो, माझ्या एका शब्दावर चाळीस माणसं भरलेली बस खिंडीत शिरते. ज्याच्या कानांचा भरवसा नाही, त्याच्या डोळ्यांवर त्यांनी का विसंबावं?”

“आणि मग तुम्ही?”

“मामाशेजारी आणखी एक खुर्ची मावते.”

त्यानंतर खाली पोचेपर्यंत कोणी बोललं नाही. गाडी तर नाहीच नाही.

शनिवारपर्यंत छोटीने दोन गाड्यांत तेलाऐवजी पाणी घालता घालता हात आवरला, एका ट्रकचं चाक उलटं बसवलं आणि जेवताना बापाच्या ताटातली भाकरी खाल्ली. उस्ताद काही बोलला नाही, यावरून काय ते समजा.

शनिवारी दुपारी ती उठली आणि स्कूटर काढून डोंगराकडे सुटली. काय करणार होती ते तिलाही ठाऊक नव्हतं. त्याला रस्त्यात अडवायचं, एवढंच. वरच्या वळणावर स्कूटर खडकाला टेकवून ती उभी राहिली. चौकीपासून खाली येताना या वळणाच्या आधी एक छोटासा चढ लागे. चार वाजले. धुक्यात हात लांब केला तर स्वतःची बोटं परक्याची वाटत होती.

आणि तेव्हा तिला ते ऐकू आलं.

आधी ते आवाजासारखं नव्हतंच. दातांत काहीतरी थरथरलं, एवढंच. मग ते जमिनीतून वर आलं. बंद ओठांमागचा एक सूर, खालून वर जाणारा, वर जाऊन किंचित थरथरणारा, जसा काम करता करता एखादी बाई स्वतःशीच लावते. वर गेला, थांबला, पुन्हा खालून सुरू झाला. रस्ता रिकामा होता. सूर जवळ येत होता. छोटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पळ, तिचे पाय म्हणाले. पण डोक्यातली मेकॅनिक म्हणाली: थांब. चाळीसचा वेग. चढ. मागची बाजू.

धुक्यातून दोन पिवळे दिवे उगवले आणि छोटी दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मध्यात उभी राहिली.

ब्रेक किंचाळले. जीप तिच्यापासून हातभरावर थांबली. हवामानवाला आत पुतळा होऊन बसला होता. धुक्यात अचानक उगवलेली उंच बाई पाहून त्याच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, कल्पना करा.

“ऐकलं!” छोटी बोनेटवर मूठ आपटत ओरडली. “अहो, मी ऐकलं! तुमची बाई! ऐकली मी!”

त्याने काच खाली केली.

“खरी आहे. गाडीत आहे. तुमच्या डोक्यात काही नाही!”

“काहीच नाही?” तो कसाबसा म्हणाला.

“म्हणजे... जे असायला हवं तेवढं असेल.”

तो उतरला. आधी हसला, मग रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि दोन्ही तळहातांत तोंड घालून बराच वेळ तसाच राहिला. छोटी शेजारी बसली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ग्रीसचा डाग पडेल, हे तिच्या लक्षात आलं. तरी हात काढला नाही.

मग ती उठली, कारण आवाजाचं मूळ सापडलं नसताना तिला जास्त वेळ बसवत नसे. ती जीपमध्ये बसली आणि दोघं त्याच चढावर गेले: गप्प. ती उतरली, तो एकटा गेला: गुणगुण. पुन्हा बसली: गप्प. तिने कंबरेवर हात ठेवून जीपकडे पाहिलं. मग कडेचे मोठाले दगड उचलून मागच्या भागात रचू लागली. “तुम्हीही उचला, नुसते बघताय काय!” माणसाएवढं वजन झाल्यावर तिने त्याला एकट्याला पाठवलं.

गप्प.

“वजन!” छोटी म्हणाली. “मागे वजन पडलं की ती गप्प होते. पण त्या दिवशी मी रस्त्यात होते, तुम्ही एकटेच होता, मागे काहीच... मागे...” आणि तिने स्वतःच्या कपाळावर इतक्या जोरात हात मारला की कपाळावर पाच काळी बोटं उमटली. “पेटी! दर वेळी मागे पेटी होती!”

ती उमटलेली बोटं बघून तो इतका हसला की बहुधा तिथेच त्याचंही प्रेम पक्कं झालं.

गॅरेजात जीप खड्ड्यावर घेतली. छोटी बॅटरी घेऊन खाली उतरली आणि मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगचे लोखंडी पाटे मोजू लागली. सहा हवेत. सात होते. मग तिने शाफ्ट काढला. हातात धरून क्रॉस फिरवला. एका ठिकाणी तो लोण्यासारखा फिरे, त्या जागेपासून जरा कलला की खडखडे.

“बाबा,” खड्ड्यातून ती म्हणाली, “सातवा पाटा कुणी घातला?”

खुर्ची करकरली.

“मी,” उस्ताद म्हणाला. “तेव्हा वर नळ नव्हता. मामा रोज पाण्याची पिंपं न्यायचा, गाडी मागे बसायची. म्हणून घातला.”

“नळ आला आणि पिंपं थांबली. पाटा तसाच. रिकामी गाडी मागून उचललेली राहते, शाफ्टचा कोन वाढतो. ज्या कोनात हा क्रॉस इतकी वर्षं ओझ्याखाली फिरला, तिथे त्याने झिजून घर केलंय. घराबाहेर काढलं की तो...” ती थांबली. “मामा गाडी घेऊन आले होते, तेव्हा तुम्ही चाचणीला पेटी घेतली होती?”

उस्तादने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

“मी त्याला म्हणालो होतो, गाडी ठीक आहे, डोकं दाखवून घे,” तो म्हणाला. “बाजारात. चार माणसांत म्हणालो.” मग खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन, गुडघ्यांना शिव्या देत उभा राहिला. “चला. मला त्याच्याकडे न्या. हे मीच सांगायला हवं.”

मामा बहिणीच्या घरात खिडकीशी बसला होता. दोन्ही कानांत कापसाचे बोळे. उस्ताद त्याच्यासमोर उभा राहिला आणि जोराने म्हणाला, “मामा, तुझं डोकं शाबूत होतं. चूक माझी होती. पाटा माझा, पेटी माझी, आणि जीभही माझी. हवं तर कानाखाली एक ठेवून दे.”

मामाने कापूस काढला. “पुन्हा सांग. काही ऐकू आलं नाही.”

उस्तादने पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा ते जास्त जड गेलं. मामाची बहीण दारात पदर डोळ्यांना लावून उभी होती. मामा मात्र नुसता हसला, आणि छोटीकडे वळला.

“तू ऐकलीस म्हणे, पोरी? कशी होती? म्हणून दाखव.”

छोटीला गाणं येत नव्हतं. तरी तिने ओठ मिटले आणि तो सूर लावला. खालून वर, वर गेल्यावर किंचित थरथर, मग थांबा.

आणि जिथे ती थांबली, तिथून मामाने पुढची ओळ उचलली. अलगद, डोळे मिटून. वरून खाली येणारी, पहिलीला बरोबर उत्तर देणारी. क्रॉस खडखडतो, शाफ्ट थरथरतो, हे सगळं खरं. पण त्याला दुसरी ओळ कुठून येणार?

“ही मी नाही ऐकली,” छोटी कुजबुजली.

“एकट्याला पहिलीच ऐकू येते,” मामा म्हणाला. “दुसरी मला एकदाच ऐकू आली. मोठं धुकं होतं. वाटलं, शेजारी कोणी बसलंय. पण दार उघडून पाहिलं की...” त्याने हात उलटा केला. “मला भीती नाही वाटली कधी. तुम्हा लोकांना वाटली.”

सातवा पाटा निघाला. नवे क्रॉस आले, ग्रीस भरलं, सगळं जागच्या जागी बसलं. अर्ज हवामानवाल्याच्या खिशातच राहिला आणि कपड्यांबरोबर धुतला गेला. शेवटची चाचणी त्याने एकट्याने घ्यायची, रिकाम्या गाडीने, असं छोटीने बजावलं. ती वळणावर थांबली.

अर्धा तास झाला. पाऊण झाला. तिच्या लक्षात आलं की आपण कान ताणून वाट बघतोय आणि ऐकायला आता काहीच नाही. तो येतोय की नाही, कळायचं कसं? धुक्यात कुठे दगड घरंगळला. तिचा जीव टांगणीला लागला. आवाज शोधायला निघालेली छोटी आता एका आवाजासाठी काय वाटेल ते द्यायला तयार होती.

“दचकलात?” अगदी शेजारून तो म्हणाला. जीप मांजरीसारखी येऊन उभी राहिली होती.

“कुठे होतास इतका वेळ?” ती ओरडली. ‘तुम्ही’ कुठल्या कुठे पळालं. “मेलास की काय वाटलं मला!”

“दोनदा चढलो, दोनदा उतरलो. खात्री करत होतो.”

“मग?”

“एकदम गप्प.” तो खाली उतरला. “आता तुझ्या गॅरेजात यायला मला काही कारण उरलं नाही.”

“हवा काढायला ये.”

“छोटी.” त्याने पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं आणि घेताना अडखळला. “वर दोनच खोल्या आहेत. वारा फार. पाऊस फक्त आकडे बोलतो. माणूस असं... काय मागणार? पण तू मला खरं ठरवलंस. माझ्यासाठी रस्त्यात उभी राहिलीस. गाडी नीट झाली तरी मला तू शेजारी हवी आहेस. वजनासाठी नाही.”

छोटी खाली बघत राहिली. कपाळ लाल झालं, मग कान.

“गॅरेज मी सोडणार नाही,” ती म्हणाली. “रोज सकाळी खाली. रोज संध्याकाळी वर.”

“रस्ता तेवढाच आहे.”

“आणि ‘अहो’ म्हणायचं सोडायचं नाही. मला आवडतं ते.”

“बरं, अहो.”

तिने त्याचा हात धरला. हातांवरचं ग्रीस आता कुणाचं कुणाला लागलं, सांगता आलं नसतं. दोघं जीपमध्ये बसले आणि चौकीकडे निघाले. धुकं इतकं दाटलं की पुढचे दिवे फक्त स्वतःपुरते उरले. चढ लागला. तीस. पस्तीस. चाळीस. नवे क्रॉस, सहा पाटे, शेजारी छोटी.

मागच्या बाजूने, अगदी हळू, बंद ओठांमागून एक सूर वर चढला. वर जाऊन थरथरला. थांबला. आणि मग, न चुकता, दुसरी ओळ खाली उतरू लागली.

हवामानवाल्याची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली. त्याने मान वळवली नाही. “तुला...” तो अडखळला. “तुला ऐकू येतंय का?”

“येतंय,” छोटी म्हणाली. तिने त्याच्या मुठीवर स्वतःचा हात ठेवला. “दोन्ही ओळी.”

त्याने सुटकेचा श्वास सोडला, आणि गाडीचा वेग तेवढाच ठेवला.